एक लाखाचा आकडा मानसशास्त्राच्या काट्यावर

 

आजचा विषय एम.ए. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'विश्वसनीयता आणि वैधता' या नावाने येतो. काही पुस्तकांत वैधतेला सप्रमाणता म्हणतात, अर्थ तोच. परीक्षेला हमखास प्रश्न, चार प्रकार लिहायचे, प्रत्येकाला एक उदाहरण द्यायचं आणि मोकळं व्हायचं. ते प्रकार पुस्तकात आहेत, तिथेच राहू देऊ. आपण आज एकच आकडा घेणार आहोत आणि तो या दोन कसोट्यांवर घासून बघणार आहोत. आकडा मराठवाड्याचा आहे आणि त्यात बीडचा वाटा मोठा आहे.

२०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत शेतकऱ्यांचं सर्वेक्षण करून घेतलं. बीडकरांना केंद्रेकरांची ओळख करून द्यायला नको, ते इथे जिल्हाधिकारी होते. सुमारे दहा लाख शेतकऱ्यांना विचारणा झाली आणि त्यातून बातमी आली ती अशी, की एक लाखाहून अधिक शेतकऱ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत. सोबत एक शिफारस होती. खरीप आणि रब्बी, दोन्ही हंगामांत पेरणीआधी एकरी १० हजार रुपये शेतकऱ्याच्या हातात द्यावेत, तेलंगणात तेव्हा रयतू बंधू योजनेत हंगामाला एकरी रक्कम देत असत त्या धर्तीवर. त्याच वर्षी केंद्रेकरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शिफारस मागे पडली, आकडा मात्र राहिला. आजही भाषणांत, अग्रलेखांत, मोर्च्यांत तो येतो. कुणी छातीला लावून सांगतं, कुणी 'अनुदानासाठी सांगितलं असणार' म्हणून उडवून लावतं. आमचं म्हणणं असं, की दोघंही आकडा न तपासता बोलतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. सर्वेक्षण करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. बांधावर जाऊन दहा लाख लोकांना 'तुमचं कसं चाललंय' असं विचारणारी यंत्रणा आपल्याकडे नेहमी दिसत नाही. आपण बोलतोय ते मापनाबद्दल.

आता काट्याकडे येऊ. उसाचा काटा इथे सगळ्यांना माहीत आहे. एकच ट्रॉली काट्यावर दहा वेळा चढवली आणि दहाही वेळा सारखंच वजन आलं, तर तो काटा विश्वसनीय. पण तो काटा दर खेपेला टनभर कमीच दाखवत असेल तर? त्याला आपण काटामारी म्हणतो. काटामारीचा काटा अतिशय विश्वसनीय असतो. किंबहुना तो विश्वसनीय असतो म्हणूनच काटामारी चालते, कारण वजन रोज वेगळं आलं असतं तर पहिल्या आठवड्यातच बोंब झाली असती. विश्वसनीयता म्हणजे मापाचं सातत्य. जे मोजायचं तेच आपण मोजतोय का, हा प्रश्न वैधतेचा. सातत्य नसेल तर वैधता येऊच शकत नाही, पण सातत्य आहे म्हणून वैधता आपोआप येत नाही.

काट्याचं उदाहरण मात्र अर्धंच आहे, कारण त्यात कुणीतरी लबाडी करतंय. मानसशास्त्रात बहुतेक वेळा लबाडी नसते. तिथे पर्जन्यमापकाचं उदाहरण जास्त जवळचं. महसूल मंडळात एका ठिकाणी पर्जन्यमापक बसवलेला असतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते. यंत्र बिघडलेलं नाही, नोंद घेणाराही प्रामाणिक. तरी सात-आठ किलोमीटरवरच्या गावात ढगफुटी होते आणि मंडळाच्या कागदावर ४० मिलिमीटर लागतात. मापक खोटं बोलला का? नाही. तो उभा होता तिथला पाऊस त्याने बरोबर मोजला. चूक आहे ती त्या मापावरून पंधरा गावांबद्दल केलेल्या दाव्यात. सॅम्युअल मेसिक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये हीच गोष्ट फार सविस्तर मांडली. वैधता ही चाचणीच्या अंगी असलेला गुण नाही, ती गुणांवरून काढलेल्या निष्कर्षाची आणि त्या निष्कर्षाच्या वापराची असते. 'ही चाचणी वैध आहे' हे वाक्यच अपुरं आहे. कुणासाठी, कुठे, कशासाठी वापरायला वैध, ते सांगावं लागतं.

मग एक लाखाच्या आकड्यावरून दावा कोणता केला गेला? एक लाख शेतकरी आत्महत्येच्या उंबरठ्यावर आहेत, असा. म्हणजे आकडा भविष्याबद्दल काही सांगतो, असं धरलं गेलं. ते तपासता येतं. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकरी आत्महत्या झाल्या. त्यात बीड सगळ्यात पुढे, २६९. त्यानंतर छत्रपती संभाजीनगर १८२, नांदेड १७५, धाराशिव १७१. आता आकड्याच्या बाजूने जास्तीत जास्त उदार होऊ आणि समजू, की हे सगळेच्या सगळे जण त्या एक लाखाच्या यादीत होते. तरी यादीतल्या शंभरात एक. बाकीचे नव्व्याण्णव त्या वर्षात जिवंत राहिले, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण मग ती यादी 'कोण जाणार' हे सांगणारी यादी नाही. आत्महत्येचा विचार आणि आत्महत्या यांच्यात मोठं अंतर असतं. 'मेलेलं बरं' असं वाटणं, 'जीव द्यावा' असा विचार येणं, आणि त्याची तयारी करणं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. नीट बांधलेल्या मुलाखतीत त्या वेगवेगळ्या विचारतात. बीडच्या बोलीत तर 'जीव नकोसा झालाय' हे वाक्य सोयाबीनचा भाव पडला तरी निघतं आणि सूनबाईशी वाजलं तरी निघतं. ते खोटं नसतं. पण त्याला एकच चौकट देऊन तिथे टिक केली, की तिन्ही पायऱ्या एक होऊन जातात.

तुलनेसाठी एक आकडा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रशिक्षित माणसांनी ठरलेल्या मुलाखतीतून विचारलं. त्यात आत्महत्येचा उच्च धोका असलेले प्रौढ निघाले ०.९ टक्के, म्हणजे शंभरात एकही पूर्ण नाही. मराठवाड्याच्या सर्वेक्षणात शंभरात दहा. हे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. जाता जाता एवढं सांगायला हवं, की निम्हान्सच्या त्या सर्वेक्षणात बारा राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यात नव्हता. शेतकरी आत्महत्यांवर इतकी वर्षं बोलणाऱ्या राज्याला याची खंत वाटायला हवी होती.

आता कळीचा मुद्दा. विचारतंय कोण?

दार वाजतं. दारात सरकारी माणूस, हातात फॉर्म. फॉर्मवर नाव, गट नंबर, कर्ज, पीक, आणि पुढे कुठेतरी मनातल्या विचारांचा प्रश्न. इथल्या शेतकऱ्याला फॉर्म काय असतो ते पक्कं ठाऊक आहे. फॉर्मवरून पीकविमा मिळतो किंवा नाकारला जातो. २००६ च्या शासन निर्णयापासून तर मृत्यूचाही फॉर्म आहे. आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र', ते सातबारा नावावर होता का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, फेड थकली होती का, यावर ठरतं आणि त्यावर एक लाख रुपयांची मदत अवलंबून असते. अशा घरात सरकारी माणसाने 'आत्महत्येचा विचार येतो का' असं विचारलं, तर उत्तरावर दोन ओढी लागतात. एक ओढ सांगते, हो म्हण, काहीतरी पदरात पडेल. दुसरी सांगते, गप्प बस, पोरीचं लग्न व्हायचंय, सोसायटी उद्या कर्ज देणार नाही. शिवाय २०२३ मध्ये भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम अजून पुस्तकात होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार काढली होती खरी, पण आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे हे गावात सगळ्यांनी ऐकलेलं, आणि धार काढल्याचं फारच थोड्यांनी.

या दोन ओढी कोणत्या घरात किती जोरात लागल्या ते एका आकड्यातून कळत नाही. आणि गंमत बघा, विश्वसनीयतेच्या कसोटीला त्या दिसतही नाहीत. त्याच माणसाने, त्याच फॉर्मवर, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं तर तीच ओढ, तेच उत्तर. चाचणी आणि फेरचाचणी यांचा सहसंबंध उत्तम येईल. पुस्तकाप्रमाणे सगळं छान.

'शेतकरी खोटं सांगतात' असं यातून कुणी काढलं, तर आम्ही बोललेलं वाया गेलं. माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही, प्रसंगाला देतो. शहरात कंपनीच्या एचआरने 'तुम्ही तणावात आहात का' असं विचारल्यावर किती जण खरं सांगतात?

'पण नमुना दहा लाखांचा आहे' असंही म्हणतात. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि अंदाज साफ चुकला. लँडन जिंकणार म्हणाले, रूझवेल्ट प्रचंड मतांनी जिंकले. एकाच बाजूला कललेली मापं कितीही जमवली तरी कल जात नाही.

आता भाषेकडे आणि कामाकडे येऊ, कारण इथे विषय खास बीडचा होतो. नैराश्य मोजायला जगभर वापरली जाणारी एक नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली. केंद्रेकरांच्या सर्वेक्षणाशी तिचा संबंध जोडू नका, आपण ती नमुना म्हणून घेतोय. गेल्या दोन आठवड्यांत झोपेची तक्रार होती का, थकवा होता का, भूक मंदावली का, मन उदास होतं का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले की पुढे तपासणी करायची.

आता ऊसतोडीला गेलेल्या बाईला हे विचारा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांच्या नावावर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते, हंगाम संपेपर्यंत फडातच. पहाटे अंधारात उठायचं, स्वयंपाक, तोडणी, मोळ्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. झोपेचा प्रश्न, जवळजवळ रोज, तीन गुण. थकवा, तीन. भूक, तीन. नऊ झाले. उरलेल्या सहा प्रश्नांत कुठेही 'काही दिवस' म्हटलं की दहा. ही बाई नैराश्यात आहे का? असेलही. पण हे तीन प्रश्न तिच्या मनाबद्दल नाही, कामाच्या पाळीबद्दल सांगतायत. आणि झोप, थकवा, भूक तिन्ही एकत्र वाढतात म्हणून क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची आपापसातली सुसंगती मोजणारा गुणांक, तोही उत्तम येईल. क्रॉनबॅकने अल्फा मांडला १९५१ मध्ये. चारच वर्षांनी, १९५५ मध्ये, त्यानेच पॉल मील यांच्याबरोबर संकल्पनेच्या वैधतेवरचा प्रसिद्ध लेख लिहिला. आपल्याकडचे प्रबंध पहिल्यापाशी थांबतात. अल्फा ०.७० च्या वर आला की धडा संपला.

आणि पुष्कळदा तोही आपला नसतो. चाचणीच्या पुस्तिकेत 'विश्वसनीयता ०.८५' असं छापलेलं असतं, ते जसंच्या तसं उतरवतात. पुस्तिकेतला नमुना बहुधा शहरातल्या महाविद्यालयीन मुलांचा, आपला नमुना गेवराई तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या बायांचा. विश्वसनीयता त्या मुलांच्या उत्तरांची होती. ती उसनी मिळत नाही.

हंगामाचाही परिणाम आहे. फेरचाचणीचा नियम असा, की मधल्या काळात माणूस बदललेला नसावा. बीडमध्ये सप्टेंबरमध्ये विचारलं आणि जानेवारीत पुन्हा विचारायला गेलात, तर किती तरी घरांना कुलूप. घरी भेटतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. जे भेटले त्यांची उत्तरं जुळली म्हणून मापन पक्कं, असं म्हणायचं आणि ज्यांचं आयुष्य सगळ्यात जास्त हललं ते मोजणीत नाहीतच.

म्हणून दहा लाख 'शेतकरी' या शब्दापाशीही थांबायला हवं. शेतकरी कोण? ज्याच्या नावावर सातबारा तो, ही व्याख्या महसुलाला सोयीची आहे, मनाच्या दुखण्याला नाही. शेत बाई करते, सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. भूमिहीन मजुराची आत्महत्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०१४ पासून 'शेतमजूर' म्हणून वेगळ्या रकान्यात जाते, आणि मदतीच्या निकषात तर बसतच नाही. अशी माणसं मोजणीआधीच गळतात. ज्याची नोंदच झाली नाही त्याच्याबद्दल कोणताही गुणांक काही बोलत नाही.

थोडं गणित करू, साधं आहे. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पीएचक्यू-९ वरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. दहा गुणांच्या रेषेवर ही प्रश्नावली खरोखर नैराश्य असलेल्या शंभरातल्या ८८ जणांना पकडते, आणि नैराश्य नसलेल्या शंभरातल्या ८५ जणांना बरोबर सोडून देते. चांगलं साधन आहे. आता हजार प्रौढांचं गाव घ्या, त्यात शंभर जणांना खरंच नैराश्य आहे असं धरा. ८८ पकडले. उरलेल्या ९०० पैकी पंधरा टक्के, म्हणजे १३५ जण, विनाकारण यादीत आले. यादी झाली २२३ जणांची, त्यात खरे ८८. शंभरात चाळीससुद्धा नाहीत. जगात तपासून घेतलेल्या साधनाची ही गत, तर न तपासलेल्या एका प्रश्नाची काय असेल? अशी यादी ही चाळणी असते, निदान नव्हे. चाळणीनंतर दुसऱ्या माणसाने शांतपणे बसून बोलायचं असतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पाची कल्पना हीच होती. बीडसह चौदा जिल्ह्यांत आशाताईंनी घरोघरी जायचं, ज्याला गरज त्याला पुढे जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवायचं. आशाताई गावातलीच, बाया तिच्याशी बोलतात. मापनाच्या भाषेत सांगायचं तर विचारणारा बदलला की वैधता बदलते.

इथे एक गोष्ट विषयाबाहेरची वाटली तरी सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल अशी काळजी असेल, तर टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. तिथे बोलायला सातबारा लागत नाही.

चांगल्या कामाचा दाखला लांब शोधायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत आले. गावातलेच कार्यकर्ते घेतले, आधी मोजलं आणि दीड वर्षाने त्याच साधनाने पुन्हा मोजलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. यातली हुशारी समजून घ्या. साधन थोडं कललेलं असेल असं धरलं, तरी दोन्ही वेळा कल सारखाच असेल तर फरकावर बराच विश्वास ठेवता येतो. इथे विश्वसनीयता खरी कामाला आली. मराठवाड्याच्या सर्वेक्षणातून तसा फरक निघत नाही. तो एका वेळचा फोटो आहे, आणि कॅमेरा तपासून घेतलेला नाही.

आमची खरी तक्रार इथे आहे. एकरी १० हजारांच्या शिफारशीला या मानसशास्त्रीय आकड्याची गरजच नव्हती. पेरणीच्या तोंडावर हातात पैसा नसतो, म्हणून माणूस सावकाराकडे जातो, हे बियाण्याच्या आणि खताच्या पावत्यांवरून दाखवता आलं असतं. ती शिफारस आत्महत्येच्या आकड्यावर उभी केली, आणि आकडा हलवता आल्याबरोबर शिफारसही हलली. कच्च्या मापाचं नुकसान असं होतं. ज्यांच्या बाजूने ते मोजलं, त्यांच्याच अंगावर ते येतं.

प्रश्नोत्तरात एका श्रोत्याने विचारलं, 'सर, एवढं सगळं तपासत बसायला सरकारकडे वेळ आणि पैसा कुठून येणार? तोवर माणसं मरतील.' प्रश्न रास्त आहे. पण दहा लाख पुन्हा विचारा असं कुणी म्हणत नाही. ज्यांनी 'हो' म्हटलं त्यांतले तीनशे आणि ज्यांनी 'नाही' म्हटलं त्यांतले तीनशे चिठ्ठ्या टाकून निवडा. प्रशिक्षित माणसाने, आधीचं उत्तर माहीत नसताना, घरातल्या इतरांपासून बाजूला बसून, तिथल्या बोलीत त्यांची मुलाखत घ्यायची. ज्याला मदत हवी त्याला तिथेच पुढे जोडून द्यायचं. दिवसाला सहा मुलाखती धरल्या तर पाच जणांचं वीस दिवसांचं काम. माणसंही इथेच आहेत. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, मानसशास्त्राचे विद्यार्थी आहेत. फक्त ते टोळ्या निघायच्या आत करायचं, दसऱ्याच्या आधी.